बिनखिडकीची

लढ्ढा शेठ म्हणाले, पैसे दिले, ते आहे कुठं?
मी सर्व्हिसांची यादी उघडली,
दोनशे नावांत आमचं एक
आणि त्याच्यापुढं शब्द: चालू आहे.
एवढंच?
एवढंच.

कळमन्याचा धरमकाटा. आंबिया बहार.
काटोल-नरखेडचे ट्रक अकरापासून रांगेत,
ताडपत्रीखाली संत्र्यांचा गार वास.
केबिनीत गुणवंता शेंडे, मफलर, आणि एक कीबोर्ड
ज्याचं शून्य चिकटतं.
आकडा बघायला तो चष्मा लावायचा,
टाईप करायला काढायचा.
तेवढ्या वेळात क्विंटल हरवायचे.

म्हणून ती लिहिली.
कुणी लॉगिन करायच्या आधी उठते,
काट्याच्या तारेला कान लावून बसते.
तीस सेकंदांत "उठले" म्हणावं लागतं,
नाहीतर सिस्टिम तिला मेलेली धरते.
दोनच किल्ल्या दिल्या तिला, तारेची आणि वहीची,
बाकीच्या घरात फिरायचं नाही.
आकडा हलतोय तोवर लिहायचं नाही,
तीनदा सारखा आला की लिहायचा.
ड्रायव्हर खाली उतरला की नाही
ते मात्र तिला कळत नाही.
ते गुणवंतानं ओरडून विचारायचं.

चौथ्या रात्री, तीन वाजून दहा, मानेवाड्याला फोन.
"मॅडम, काटा तं चालू हाये,
पन वहीत काही येऊनच नाई राह्यलं जी."
भावाची गाडी काढली. रिंग रोडवर धुकं,
हँडलवरची बोटं माझी राहिली नव्हती.
फाटकाशी हमाल पेट्यांच्या फळ्या जाळत बसलेले,
एकानं सरकून जागा दिली, मी थांबले नाही.

यादीत बघितलं. चालू आहे.
लॉगची शेवटची ओळ एक सत्तावीसची.
खाली पांढरं.
ती पडली नव्हती. पडली असती
तर सिस्टिमनं उठवली असती, तशी सोय केली होती मी.
पडली नाही, हीच अडचण.

उजाडता उजाडता सापडलं.
ऑगस्टात, घरी, चाचणी करताना
मी एक ओळ ठेवून दिली होती:
तार निघाली तर चौकोन उघड, विचार, ठीक आहे?
माझ्या टेबलावर तो माझ्यासमोर उघडायचा,
मी बटण दाबायची, चहा प्यायची.

इथंही उघडला.
पण सर्व्हिसची खोली वेगळी असते,
तिला पडदा नाही, माउस नाही,
आत कुणी येत नाही.
त्या खोलीत, एक सत्तावीसला,
बरोबर मधोमध, एक चौकोन उघडला
आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली.
तार एका मिनिटात जोडली गेली होती,
हमालाचा पाय लागला, गुणवंतानं परत खोचली.
तिला कोण सांगणार.
ती ठीक आहे ऐकायला थांबलेली.

ओळ काढली. तिच्या जागी:
लॉगमध्ये लिही, पाच सेकंद थांब, पुन्हा हाक मार.
कुणाला काही विचारू नकोस.
हे लिहिताना उगाच जड वाटलं, का ते माहीत नाही.
झोप झाली नव्हती म्हणूनही असेल.

शेठसाठी नंतर घड्याळाशेजारी एक हिरवा ठिपका केला.
तो वेगळा प्रोग्राम, तो काहीच करत नाही,
फक्त तिला विचारतो आणि उजळतो.
शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला ठिपका दाखवतात.
गुणवंता बघत नाही. त्याचं लक्ष चाकांवर.

पण त्या सकाळी ठिपका नव्हता.
चौदा ट्रक होते, तंबाखूच्या पुडीच्या मागं,
गुणवंताच्या अक्षरात, नंबर, वजन, आणि एकापुढं
"ड्रा. बसून होता, ७० वजा".
मी बसले, एकेक भरत गेले.
बाहेर लिलावाची पहिली आरोळी.
सातव्या ट्रकला शून्य चिकटलं,
दोनदा उमटलं.
मागं जाऊन एक खोडलं.